पदर उजव्या खांद्यावर गेला कसा?

महोदय,

ब्रिटनमध्ये 2017 साली निघालेल्या बालपुस्तकांपैकी जेमतेम 4 टक्के पुस्तकांत कृष्णवर्णीय, आशियाई वा इतर अल्पसंख्य समाजांतली पात्रं होती, असं लंडनच्या सेंटर फॉर लिटरसी इन प्रायमरी एज्युकेशनच्या पाहणीत आढळलं. 2022च्या पुस्तकांत हे प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं. याचा आनंद आहेच, पण दक्षिण आशियाई घर दाखवायचं म्हटलं की अजूनही पणत्या, साडीतली आजी आणि दिवाळी एवढंच चितारलं जातं. युगांडातून 1972मध्ये हाकलल्यावर लेस्टरला आलेलं गुजराती कुटुंब आणि पूर्व लंडनमधलं सिल्हेटी (बांगलादेशातल्या सिल्हेट भागातलं) मुसलमान कुटुंब यांचं स्वयंपाकघर एकसारखं कसं असेल?

चित्रांतल्या चुका बहुतेक वेळा घाईतून होतात. मजकुराला जागा हवी म्हणून मांडणीकार चित्र आडवं उलटवतो. लगेच डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि मूल डाव्या हाताने वरण-भात कालवू लागतं. दुकानाच्या पाटीवर ‘मिठाई’ लिहिताना इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसेल, तर पहिली वेलांटी ‘म’च्या आधी न येता नंतर पडते, म्हणजे ‘ठ’ला चिकटल्यासारखी दिसते. जोडाक्षरंही फुटून हलन्त उघडा पडतो. एकदा अक्षरांचं आउटलाइन झालं, म्हणजे अक्षरांची चित्राकृती बनवली, की टाइप करून दुरुस्ती होत नाही, म्हणून पाटी त्याआधीच मराठी वाचणाऱ्याला दाखवावी.

त्वचेचा रंग हा तर फारच दुर्लक्षित भाग. आजीपासून भाचीपर्यंत सगळ्यांना एकच तपकिरी फासला जातो. त्यात सायन (छपाईतली निळसर शाई) जास्त झाला की चेहरा राखट दिसतो. अनकोटेड, म्हणजे लेप नसलेल्या कागदावर शाई पसरून मधल्या छटा आणखी गडद होतात, त्यामुळे प्रूफ (छपाईआधीचा नमुना) त्याच कागदावर काढायला हवं. स्क्रीनवर पाहून भागत नाही.

32 पानी चित्रपुस्तकात सेन्सिटिव्हिटी रीडरला (त्या समाजाचं चित्रण नीट आहे ना, हे तपासणाऱ्या वाचकाला) रंगकाम उरकल्यावर बोलावलं, तर शब्दांपलीकडे काही बदलता येत नाही. तपासणी पेन्सिलच्या कच्च्या चित्रांवर एकदा आणि छपाईच्या पीडीएफवर पुन्हा व्हावी, दोन्ही वेळा मानधन देऊन. परदेशी प्रकाशकांची कामं घेणाऱ्या आपल्या चित्रकारांनी ही अट करारातच घालून घ्यावी.

ब्रिटनमधल्या मराठी पालकांनीही गावच्या वाचनालयात पुस्तकाचं नाव, लेखक आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) देऊन खरेदीची मागणी नोंदवावी. त्यात सणांखेरीजची पुस्तकंही असू द्यावीत: शाळेतलं भांडण, हरवलेली मांजर, पडलेला दात.

— बालपुस्तकांचा एक संपादक, पुणे