माळ्यावरचं सामान

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुमचे ४१ फोटो मिळाले. प्रत्येकाखाली ‘ठेवू की टाकू?’ आणि शेवटच्याखाली नुसतंच प्रश्नचिन्ह. नव्या फ्लॅटला माळा नाही, भंगारवाला शनिवारी यायचाय, सगळं समजलं. उत्तराला चार दिवस लागले, कारण मी ते फोटो कामावर घेऊन गेले होते. गणपतीत तुम्ही विचारलं होतंत, ‘यंत्राला वस्तू शिकवतेस म्हणजे नेमकं काय करतेस? वस्तू तर माझा फोनपण ओळखतो.’ तेव्हा मोदकांच्या गडबडीत मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. आता आपल्याच सामानावरून सांगते.

फोटो क्रमांक ७, आईची विळी. आमच्या प्रोग्रॅमने ती झटक्यात ओळखली. भाजी चिरायचं साधन, टोकाला नारळ खवायची खवणी. पैकीच्या पैकी मार्क. मग मी म्हटलं, आता आपल्या यांत्रिक हाताने हिच्यावर दुधी कसा चिरायचा ते पायरीपायरीने सांग. तर उत्तर आलं: दुधी टेबलावर ठेवा, विळी पाटाच्या बाजूने पकडून उचला, पातं दुधीवर खाली आणा. आई, डोळ्यांसमोर आण जरा. कुणीतरी विळी उचलून दुधीवर हाणतंय!

नाव बरोबर, उपयोग बरोबर, आणि तरी विळी कळलेलीच नाही. सुरी फिरते आणि भाजी थांबते. विळीचं उलटं, पातं जागेवर आणि भाजी त्याच्याकडे जाते. पातं जागेवर राहतं ते पाटावर दाबून ठेवलेल्या पायामुळे. तू गवार चिरताना बोलत असायचीस, टीव्हीकडे बघत असायचीस, पण पाय हलायचा नाही, आणि पातं मिटवल्याशिवाय तू कधी उठली नाहीस. म्हणजे अर्धी विळी फोटोत आलेलीच नाही, ती तुझ्या पायात आहे. आमच्या यंत्राला पाय नाहीत, चाकं आहेत.

जेम्स गिब्सन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी यासाठी ‘अफोर्डन्स’ असा शब्दच घडवला आणि १९७९ च्या पुस्तकात तो नीट उलगडून सांगितला. वस्तू आपल्याला काय करू देते, हे एकट्या वस्तूवर ठरत नाही, करणाऱ्याच्या अंगावरही ठरतं. मी मनातल्या मनात त्याला ‘जोगेपणा’ म्हणते: बसण्याजोगं, धरण्याजोगं, चढण्याजोगं. (बाबा, याहून बरा शब्द सुचला तर कळवा, तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे.) वाड्याचा जिना तोच आहे, एक पायरी वाढलेली नाही. पण तुमच्या गुडघ्यांनी तो बदलला, म्हणून तर आपण लिफ्टचा फ्लॅट घेतला.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी हे फार आधीपासून धरून पाहिलंय. १९८३ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पॅट्रिक विन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरला कप ओळखायला शिकवलं, ते कपाची चित्रं दाखवून नाही, तर कप कशासाठी असतो ते सांगून. कप म्हणजे स्थिर राहणारं, उचलता येणारं, वरून उघडं भांडं. मग बाकीचा धडा दुसऱ्या वस्तूंवरून: वीट स्थिर राहते कारण तिचं बूड सपाट असतं, सूटकेस उचलता येते कारण ती हलकी असते आणि तिला मूठ असते. सोबत एका कपाचं नुसतं शब्दांतलं वर्णन, आणि त्यावरून कप कसा दिसतो ते यंत्राने जुळवायचं. मला हे काम अजून आवडतं. आजचे प्रोग्रॅम अब्जावधी वाक्यं वाचून तयार होतात, त्यात असा स्वच्छ धागा हाती लागत नाही.

पण तो धागा धरून आपल्या फोटो क्रमांक १९ पर्यंत पोचता येत नाही. काशाची वाटी. बूड सपाट, वरून उघडी, उचलता येते. म्हणजे आमटी वाढायची. प्रत्यक्षात त्या वाटीत आमटी वाढलेली मी जन्मात पाहिली नाही. उन्हाळ्यात रात्री आई तुमच्या तळपायांना तूप लावायची आणि वाटीच्या बुडाने घासायची, घासता घासता तूप काळं पडायचं. वाटी उपडी नाही, उताणीच, पण कामाला बाहेरची बाजू. तिथे पोकळीचा उपयोग शून्य. स्टीलची वाटी आकाराने तशीच मिळेल, पण आईला ती चालणार नाही.

याच्या उलट माणसांचीही एक खोड आहे. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने लोकांना मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी दिली आणि मेणबत्ती भिंतीवर बसवायला सांगितली. खोकं रिकामं करून भिंतीला टाचलं की झाला कोनाडा. पण खोक्यात टाचण्या असल्या की बऱ्याच जणांना ते सुचायचं नाही. रिकामं खोकं समोर असलं की पटकन सुचायचं. बाबा, तुम्ही त्या प्रयोगात बसला नसतात. ज्या माणसाने सायकलच्या ट्यूबने नळ बांधला आणि डालड्याच्या डब्यात तुळस लावली, त्याला खोक्याचं काय.

आमचे प्रोग्रॅम या बाबतीत तुमच्यासारखेच वाटतात. विटेचे पन्नास उपयोग विचारा, पन्नास सांगतील. त्यातला कुठला खरोखर टिकेल, तिथे घोडं अडतं. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक गमतीचं उदाहरण दिलं होतं. भाषेच्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमना सांगितलं, माझं पेय सांडलंय, मदत कर. एक म्हणाला, व्हॅक्यूम क्लीनर वापरून बघा. आई, तू म्हणाली असतीस, ‘आधी फडकं आण.’ त्यांनी मग दोघांची जोडी लावली: भाषेचा प्रोग्रॅम सांगणार कुठलं काम उपयोगाचं, आणि रोबोटचा स्वतःचा अनुभव सांगणार की इथून, या हाताने, ते जमण्याची शक्यता किती. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि जे वर येईल ते करायचं. मी करते ते काम त्याच जातीचं. पगार यासाठीच मिळतो, बाबा.

वरवंट्याचा फोटो मात्र मी सगळ्यांत शेवटी दिला, मुद्दाम. ‘वाटण्यासाठीचा दगड’, बरोबर. मग विचारलं, बारशाला याला कुंची का घालतात? त्याचंही उत्तर आलं, वाचलेलं होतं त्याने कुठेतरी: बाळ वरवंट्यासारखं दणकट व्हावं म्हणून. तेही बरोबर. माझ्या बारशाला पाळण्याखालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत जो फिरवला तो हाच ना? मग तो भंगारात जाणार नाही. वजन साडेतीन किलो असो नाहीतर दहा, टेम्पोत तुमच्या पायाशी ठेवा.

आता तुमचा शेवटचा फोटो, प्रश्नचिन्हवाला. लोखंडाची चार वाकडी बोटं, वर कडी. प्रोग्रॅम ठामपणे म्हणाला, लहान होडीचा नांगर. आकार बघता मी त्याला दोष देणार नाही, पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं. मग कडीला अडकलेला सुंभाचा तुकडा दिसला आणि गावची विहीर आठवली. कळशी पडली की हा गळ दोराला बांधून सोडायचा, तळाशी फिरवत राहायचं, आणि लोखंड पितळेला लागल्याचा आवाज वरपर्यंत यायचा. विहीर बुजवून तिथे बोअर घेतली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. विहीर नसताना हा गळ कशासाठी आहे, हे मला प्रोग्रॅममध्ये कसं लिहायचं ते माहीत नाही.

पण बाबा, एक विचारायचं होतं, आणि फोनवर धीर झाला नाही म्हणून हे पत्र. आजीची मोठी कळशी तुम्हीच काढली होतीत या गळाने, मी कठड्यावर पोटावर पडून बघत होते आणि तुम्ही मला ओरडलात. ते प्रश्नचिन्ह माझी परीक्षा घ्यायला टाकलंत, की खरंच आठवलं नाही?

आई, तू वाचून दाखवत असशील तर हे वाक्य गाळू नकोस. मी रविवारी सकाळी तुमच्या वेळेनुसार नऊला फोन करते. तोवर ७, १९, वरवंटा आणि गळ सोडून बाकी सगळं द्या.

तुमची,
मनू