चिनूचा पिवळा टीशर्ट आणि १८७७

मेलबर्न, रविवार

ती. आण्णांस सा. न.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर चिनूच्या अंगात ऑस्ट्रेलियाचा पिवळा टीशर्ट दिसला आणि तुम्ही "बरंय, ठेवतो" म्हणून फोन सरळ आईच्या हातात दिलात, तेव्हाच मला कळलं की प्रकरण बिनसलंय. अहो शाळेत सगळी पोरं घालतात म्हणून घेतला. फोनवर तुम्ही मला बोलूच देणार नाही, म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात टाईप करतोय, ताई प्रिंट काढून देईल.

काल चिनूला एमसीजीची, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडची, टूर करून आणली. मैदान रिकामं, थंडी मरणाची, आणि त्या एवढ्या हिरव्यागार गवतावर पन्नासेक सीगल पक्षी आपल्याच बापाचं असल्यासारखे बसलेले. पहिली टेस्ट इथेच झाली, १५ मार्च १८७७. ऑस्ट्रेलिया इंग्लंडविरुद्ध ४५ रन्सनी जिंकली आणि बरोबर शंभर वर्षांनी सेंटेनरी टेस्टपण ४५ रन्सनीच, हे तुम्हीच मला शिकवलंय. पण त्या मॅचच्या आतल्या गमती तुम्ही कधी सांगितल्या नाहीत, का तुम्हालाही ठाऊक नव्हत्या?

म्हणजे बघा, तेव्हा तिला टेस्ट वगैरे कोणी म्हणत नव्हतं. जेम्स लिलीव्हाईट नावाचा इंग्लंडचा माणूस स्वतःसकट बारा प्रोफेशनल खेळाडूंची टीम घेऊन कमाईसाठी दौऱ्यावर आलेला, तेव्हाचा इंग्लंडचा स्टार डब्ल्यू. जी. ग्रेसबिस कोणी नाही. त्यातला एकुलता एक खरा विकेटकीपर टेड पूली, तो न्यूझीलंडमध्येच अडकला! क्राइस्टचर्चला समोरच्या टीमचे अठरा जण खेळणार होते, ह्याने पैज मारली की प्रत्येकाचा स्कोअर मी आधी लिहून देतो, बरोबर आला तर मला एक पौंड, चुकला तर मी एक शिलिंग देणार. आणि पठ्ठ्याने सगळ्यांच्या नावापुढे शून्य लिहिलं. आता अठरा जणांत दोनचार भोपळे तर निघणारच ना! समोरच्याने पैसे द्यायला नकार दिला, मारामारी झाली, पोलीस केस झाली, आणि टीम बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली तरी हा मागेच. नंतर सुटला, पण टेस्ट काही त्याच्या नशिबी आली नाही. मला सगळ्यात जास्त हाच माणूस आवडला, हे आईला सांगू नका.

ऑस्ट्रेलियाचे फास्ट बोलर आपले स्पॉफर्थसाहेब तरी कुठे कमी, त्यांना विकेटच्या मागे मर्डॉक पाहिजे होता, सिलेक्टरांनी ब्लॅकहॅमला घेतलं, तर हे रुसले आणि खेळलेच नाहीत. (रुसण्यावरून कोण आठवलं ते लिहीत नाही.)

आणि मग बॅनरमन. पहिला बॉल इंग्लंडच्या आल्फ्रेड शॉचा, समोर ऑस्ट्रेलियाचा चार्ल्स बॅनरमन. दहाच्या आत असताना त्याचा अगदी सोपा कॅच उडाला, तो आर्मिटेजच्या हातात यायच्या ऐवजी पोटावर आदळला, सुटला. तोच आर्मिटेज आज इंग्लंडचा कॅप नंबर एक, म्हणजे टेस्ट खेळाडूंच्या यादीत पहिला, आहे, का तर एबीसीडीप्रमाणे त्याचं नाव पहिलं! बॅनरमन दिवसअखेर नाबाद १२६, दुसऱ्या दिवशी युलिएटच्या बॉलवर बोट फुटलं म्हणून १६५ वर रिटायर. टीमचे टोटल २४५, त्याच्या खालोखाल स्कोअर कुणाचा तर गॅरेटचा, नाबाद १८. दीडशे वर्षं होत आली तरी टीमच्या रन्समधला एकट्याचा एवढा वाटा टेस्टमध्ये दुसऱ्या कुणाचा नाही.

पण आण्णा, मी ज्यासाठी लिहायला बसलो ते आता येतंय. हा बॅनरमन जन्मला कुठे? इंग्लंडात, वुलिचला. केंडल, ज्याने दुसऱ्या डावात सात विकेट काढल्या, तोपण इंग्लंडचा. हॉरन आयर्लंडचा. मिडविंटर इंग्लंडात जन्मला, ही मॅच ऑस्ट्रेलियाकडून खेळला आणि पुढे इंग्लंडकडूनपण खेळून आला. आणि ब्रॅन्सबी कूपर तर ढाक्यात जन्मलेला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातला, मॅचच्या पहिल्या दिवशी त्याचा तेहेतिसावा वाढदिवस होता. अर्धी टीम अशीच बोटीने आलेल्यांची, आणि हरवलं कुणाला तर जिथून आले त्यांनाच. त्यांच्या आजोबांनी फोन ठेवला असेल का हो?

आणि त्याच १८७७ मध्ये तिकडे मुंबईत, बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या साहेबांनी पारशांचं आव्हान पहिल्यांदा घेतलं, दोन दिवसांची मॅच, पारशांनी पहिल्या डावात चक्क लीड घेतला, मॅच ड्रॉ. तुम्ही जीपीओत असताना डबा खायला ज्या आझाद मैदानाच्या कडेला बसायचात आणि क्रिकेटच्या मॅचेस बघत साहेबाची बोलणी खायचात, तो जिमखाना त्याला लागूनच ना? चिनूला हे सांगितलं तर म्हणतो, मग आण्णांनी त्या पारशांना बघितलं होतं का. मी हो म्हटलंय, सांभाळून घ्या.

टीशर्टचं विचारलं तर त्याचं म्हणणं असं, की बुमरा बोलिंगला आला की निळा घालीन, बाकी वेळ पिवळा. मी मध्ये पडणार नाही, रविवारी फोन करतो, तुम्हीच काय ते बोला.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर ताईला सांगा, माझ्यावर थांबू नका.

तुमचा,
बाळू