थॉमस फ्रान्सिस यांचे नाव राहून गेले

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जागतिक पोलिओ दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. पोलिओच्या लशी तयार करणाऱ्या साल्क आणि सेबिन यांच्याविषयी त्यात भरभरून लिहिले आहे, पण थॉमस फ्रान्सिस यांचा साधा उल्लेखही नाही. हे फार खटकले, म्हणून हे पत्र.

फ्रान्सिस मूळचे फ्लूचे अभ्यासक. १९४० मध्ये इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे फ्लूच्या, विषाणूचा 'बी' प्रकार त्यांनी शोधला. महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करासाठी फ्लूची लस त्यांच्याच पुढाकाराने तयार झाली; तरुण साल्क तेव्हा मिशिगन विद्यापीठात त्यांच्या हाताखाली होते. १९४७ मध्ये विषाणूने रूप पालटले आणि लस निष्प्रभ ठरली. तेही या गुरुशिष्यांनी आकडेवारीनिशी छापले.

म्हणूनच १९५४ मध्ये साल्क यांच्या पोलिओ लसीची चाचणी त्यांच्यावर सोपवली गेली. पोलिओच्या छायेत वावरणाऱ्या मुलाला केवळ तुलनेसाठी औषधाविना सुई टोचायची, हे साल्क यांच्या मनाला पटत नव्हते. फ्रान्सिस मात्र अशा तुलनेसाठी अडून बसले. अखेर अमेरिकेच्या ११ राज्यांतल्या निवडक भागांत निम्म्या मुलांना लस आणि निम्म्यांना हुबेहूब तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण दिले गेले. कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक. आत काय आहे हे ना डॉक्टरांना ठाऊक, ना आईबापांना. इतर भाग धरून देशभरात सुमारे १८ लाख मुले या चाचणीत होती. १२ एप्रिल १९५५ रोजी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर येथे फ्रान्सिस यांनी निकाल वाचला: लकवा आणणाऱ्या पोलिओपासून ८० ते ९० टक्के संरक्षण, पण पोलिओच्या तीन प्रकारांपैकी पहिल्या प्रकारच्या विषाणूवर ६० ते ७० टक्केच. शिष्याच्या लसीची उणी बाजूही झाकली नाही. ही लस मारलेल्या विषाणूंची; पण त्याच महिन्यात एका कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहिल्याने मुले पांगळी झाली, काही दगावली. तरीही लसीकरण पुन्हा उभे राहिले, याचे मोठे श्रेय मी त्या चोख चाचणीला देतो.

मी पल्स पोलिओच्या बूथवर अनेक वर्षे काम केले. पोराला पुढे करताना आया विचारत, "काही होणार नाही ना?" मी ठामपणे 'नाही' म्हणायचो. २०२१ च्या जानेवारीत कोविडच्या एका लसीला चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यातले परिणामकारकतेचे निष्कर्ष येण्याआधीच परवानगी मिळाली, तेव्हा शेजारीपाजारी तेच विचारू लागले आणि मला तसे ठाम उत्तर देता येईना. आरोग्य कर्मचाऱ्याला या अवस्थेत ढकलणे अन्यायाचे आहे. प्रत्येक लसीच्या चाचणीचा पूर्ण अहवाल, उण्या बाजूंसह, परवानगीच्या दिवशीच मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावा. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेवक, सातारा