आई, हे तुझ्यामुळे झालेलं नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, रिपोर्टमध्ये आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) निघाल्यापासून तू एकच विचारते आहेस, "माझ्याच वाट्याला का? माझं काय चुकलं?" मी उत्तर द्यायला लागले की तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्हीही वाचा. "वय झालं की सांधे दुखायचेच" असं तुम्ही म्हणता, पण आईचं दुखणं ते नव्हे. वयाने सांधा झिजतो, तो आजार वेगळा. हिच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटली आहे. म्हणून दोन्ही हातांची बोटं एकदम सुजतात, सकाळी बराच वेळ मूठ वळत नाही आणि काही न करताही अंगातलं त्राण जातं. हा आजार तिशी-चाळिशीतही गाठतो.

किती जणांना होतो, हे मी शोधत बसले. २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ७६ लाख लोकांना तो होता, असा अंदाज आहे. दर दहा रुग्णांमागे साधारण सात बायका, म्हणजे तुझ्यासारख्या सव्वा कोटीच्या आसपास बायका. त्या सगळ्यांच्या हातून काहीतरी चुकलं असेल, असं तुला खरंच वाटतं का?

युरोप-अमेरिकेत मोठ्या माणसांपैकी अर्धा ते एक टक्का लोकांना तो आढळतो. आपल्याकडे दिल्लीजवळच्या खेड्यांत सुमारे ४० हजार प्रौढांची पाहणी झाली होती. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत प्रमाण निघालं ०.७५ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणच्या पाहणीत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं. म्हणजे शंभर-दोनशे मोठ्या माणसांत एक तरी सापडतोच. बरेच जण "वाताचं दुखणं" म्हणून अंगावर काढतात, त्यामुळे आपल्याला ते दिसत नाहीत, एवढंच.

पण सगळीकडे प्रमाण सारखं नाही, आणि मला तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडलं. अमेरिकेतल्या पिमा आणि चिप्पेवा या मूळ रहिवासी जमातींत पाच ते सात टक्के लोकांना हा आजार आढळला होता. उलट नायजेरियाच्या ग्रामीण भागात सुमारे २,००० प्रौढ तपासले, तर एकही रुग्ण सापडला नाही! (त्या देशातल्या शहरी दवाखान्यांत रुग्ण येतात, त्यामुळे तिथे आजारच नाही असं नव्हे.) असा फरक कोणाच्या वागण्यातून येत नाही. त्यात रक्ताचा मोठा वाटा आहे. एचएलए-डीआरबी१ नावाच्या जनुकाचे काही प्रकार जन्मतःच मिळाले, तर हा आजार व्हायची शक्यता वाढते, आणि हे प्रकार काही समाजांत खूप पसरलेले आहेत, काहींत विरळ.

फक्त रक्तच म्हणावं, तर तेही पुरत नाही. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. खेड्यातल्या त्स्वाना लोकांत प्रमाण ०.१२ टक्के, आणि सोवेटोच्या शहरी वस्तीत ०.९ टक्के. पिमा लोकांतही नव्या रुग्णांचं प्रमाण काही दशकांतच घटत गेलं. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत, म्हणजे भोवतालचं काहीतरी बदललं असणार. त्या "काहीतरी"तली सगळ्यात पक्की ठाऊक झालेली गोष्ट म्हणजे धूम्रपान. तू आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाहीस. बाकी बरंचसं नशिबावर, आणि ते मी तुला समजवावं म्हणून म्हणत नाही. इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल, तर दुसऱ्यालाही तो झाल्याचं साधारण शंभरात पंधराच जोड्यांत दिसलं. एकाच आईच्या पोटी, सारख्याच जनुकांनिशी आलेल्या दोघांत एवढा फरक पडतो.

आणि आई, तुझी दुसरी काळजी, जी तू बोलत नाहीस पण मला कळते, "पोरीला होईल का?" जवळच्या नात्यात धोका काही पटींनी वाढतो, हे खरं आहे. पण आपल्याकडच्या ०.७५ टक्क्यांची चौपट केली, तरी तीनच टक्के होतात. म्हणजे बहुतेक लेकींना तो होत नाही. बोटं सकाळी आखडून सुजलेली दिसली, तर मी लगेच तपासून घेईन. तू या विचाराने झोप घालवू नकोस.

इतक्या जणांना असतो म्हणून तो हलका मात्र समजायचा नाही. पहिल्या काही महिन्यांतच औषध नीट सुरू झालं, तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टाळता येतं. तू त्याच टप्प्यावर आहेस, म्हणून मी मागे लागते. बरं वाटलं की गोळ्या बंद, असं या आजारात चालत नाही. सूज उतरलेली दिसते ती औषधामुळेच.

बाबा, एक काम तुमच्याकडे. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारीच द्यायची. चुकून रोज दिली गेली, तर जिवावर बेतू शकतं. कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा आणि गोळीचं पाकीट तुमच्याच ताब्यात ठेवा. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करा, रिपोर्ट मला फोटो काढून पाठवा. ताप किंवा जास्त खोकला आला, तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या भेटीच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर असेन. आई, काय काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेव. डॉक्टरांपुढे गेलीस की तू "सगळं बरं आहे" म्हणतेस, तसं या वेळी म्हणू नकोस.

तुमची लेक