बयाणा कधी देणार? संरक्षणमंत्र्यांना लकडगंजातून खुले पत्र

नागपूर, ऑगस्ट २०२५

मा. संरक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

लकडगंजात आमची आरा मशीन आहे. हे पत्र मात्र नौदलाच्या माइनस्वीपरबद्दल, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजांबद्दल आहे. नागपूरकराचा समुद्र फुटाळा तलावालाच संपतो, मग याला नौदलाची काय पडली, असं आपल्याला वाटेल. पण आमच्याकडे चिरला जाणारा बराचसा साग आता आफ्रिकेतून येतो. न्हावाशेवाला उतरतो, तिथून कंटेनरनं नागपूरला. बंदराच्या तोंडाशी चार पाणसुरुंग पडले की इथे करवत थांबली.

या सुरुंगांनीच तर लाकडाला लढाईत पुन्हा मान मिळवून दिला. १९३९ मध्ये जर्मनीनं ब्रिटनच्या किनाऱ्यालगत चुंबकीय सुरुंग पेरले. त्यांना धडक लागायचीही गरज नव्हती. पोलादी जहाज वरून गेलं की फुटायचे. म्हणून उथळ पाण्यासाठी छोटे लाकडी माइनस्वीपर बांधले गेले. दोन बोटी शेजारी शेजारी चालायच्या, मागे तरंगत्या केबली ओढायच्या आणि खाऱ्या पाण्यात ठरावीक वेळानं जोरदार वीज सोडायच्या. मोठं जहाज आलं समजून सुरुंग मागच्या मोकळ्या पाण्यात फुटायचा. (धडकेनं फुटणारा जुना सुरुंग मात्र लाकूड-लोखंड बघत नाही. त्या बोटींवरच्या खलाशांना हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.)

१२ ऑक्टोबर १९५० ला कोरियात वोनसानसमोर अमेरिकेचे दोन पोलादी माइनस्वीपर एकाच दिवशी बुडाले. पुढे अमेरिकेनं लाकडी माइनस्वीपरची मोठी मालिकाच बांधली.

आपणही त्या दशकात ब्रिटनकडून अशी छोटी जहाजं घेतली. त्यातल्या एकाचं नाव ‘बसीन’, म्हणजे आपली वसई! नंतर सोव्हिएत बनावटीची बारा आली. त्यातलं शेवटचं ‘कोळिकोड’ एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झालं. आज नौदलाकडे एकही माइनस्वीपर नाही. कोरियन कंपनीच्या मदतीनं गोव्यात बारा बांधायचं ठरलं होतं, ते त्याआधीच बारगळलं होतं.

गेल्या महिन्यात, ३ जुलैला, संरक्षण खरेदी परिषदेनं या जहाजांची गरज मान्य केली. आनंद आहे. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ‘माल पाहिजे’ म्हणालं म्हणून कुणी ओंडका चिरायला घेत नाही. बयाणा हातात पडावा लागतो. लाकडाचीच बांधा, असा माझा हट्ट नाही. फायबरची बांधा, तीच बरी. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात.

निविदा कोणत्या महिन्यात, करार कधी आणि पहिलं जहाज पाण्यात कोणत्या वर्षी, एवढं लेखी जाहीर करा. आणि तोवर मुंबई-विशाखापट्टणमच्या वाटा कशानं साफ ठेवणार, तेही सांगा.

आपला,
लकडगंजातला एक लाकूडवाला