वारली भिंतीवर काढताना

मा. संपादक,
स. न.

सांगली-मिरजेत शाळांच्या आणि कार्यालयांच्या भिंतींवर सध्या वारली चित्रे काढली जात आहेत. हौस चांगली आहे. पण बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या पावसाळ्यातच रंगाचे पोपडे निघतात आणि चित्रे एकाच छापातली वाटतात. कामाला हात घालण्यापूर्वी संबंधितांनी जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे नीट पाहावीत.

म्हसे (१९३४-२०१८) डहाणू तालुक्यातले. वारल्यांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी विधिचित्र, सवाशिणी लिहितात; पुरुषाने रोज चित्रे काढण्याची तिथे रीत नव्हती. लहानपणी आई गेली, त्यांचे बोलणे बंद झाले आणि ते धुळीत चित्रे काढू लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी त्यांना कागद-रंग दिले. मधुबनीच्या स्त्रियांना कागदावर चित्रे काढायला लावणारे हेच कुलकर्णी. पुढे १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. आमच्या मते त्यांचे मोठेपण रेघेत आहे.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहा. जवळजवळ सगळा कॅनव्हास जाळ्याने व्यापलेला, आणि ते विणले आहे बारीक, आखूड रेघांनी. कुठे दाट, कुठे विरळ, म्हणून जाळे हलते. माणसेही ताठ उभी नसतात. आपल्याकडे स्टेन्सिल लावून दोन सारखे त्रिकोण टोकाला टोक जोडून उभे केले जातात. म्हसे यांच्या चित्रात माणूस वाकला की वरचा त्रिकोण कलतो आणि भार एका पायावर येतो. कमरेचा बिंदू आधी ठेवून तिथूनच अंग वळवले की हे साधते. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचात नाचणाऱ्यांची साखळी वादकाभोवती गुंडाळत जाते, तिचे शेवटचे टोक मोकळे असते. आपण कंपासने बंद वर्तुळ काढतो. आणि पालघाट देवीचा चौक स्वच्छतागृहाच्या भिंतीवर कृपा करून काढू नये. तो लग्नविधीतला, पूजेचा आहे.

आता रंग. मूळ रीत शेणमातीच्या सारवणावर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची. शाळेत करायचे तर वाटीभर तांदूळ रात्रभर भिजवून गुळगुळीत वाटावेत, फडक्यातून गाळावेत, भिजवलेला डिंक चमचाभर घालावा. काडीच्या टोकावरून ओघळणार नाही इतपत दाट ठेवावे. काडी बांबूची, टोक ठेचून मऊ केलेली. ओली रेघ फिकट दिसते, सुकल्यावर पांढरी होते. मुले तेवढे थांबत नाहीत, लगेच दुसरा हात देतात; मग जाड थर तडकतो आणि गळतो. उघड्या भिंतीवर मात्र हे पीठ एक पाऊसही टिकणार नाही. तिथे ॲक्रिलिक वापरण्यात कमीपणा नाही, कॅनव्हासवर शेणाच्या सारवणावर म्हसेही ॲक्रिलिक वापरत.

बाहेरच्या भिंतीचा जुना चुना पूर्ण खरवडावा, नाहीतर नवा रंग चुन्यासकट सुटतो. नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबावे. मग प्रायमरचा एक हात, गेरूच्या छटेच्या एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन, आणि दोन हातांत चार तास तरी अंतर. आपल्याकडची खरी अडचण ओलीची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या भागांत भिंतींना लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारा खार) फुटतो आणि तो कितीही भारी रंग आतून ढकलून पाडतो. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर भिंतीवर ठेवावा; आतून पाणी सुटले तर काम पुढे ढकलावे. जमिनीपासून तीन फुटांचा पट्टा चित्राविना सोडलेलाच बरा.

एक विनंती कंत्राटाबाबत. मजुरी चौरस फुटावर ठरली की रंगारी मोठमोठी माणसे काढून जागा भरतो. बारीक रेघेला लागणारा वेळ त्या दरात बसत नाही. त्यापेक्षा डहाणू-तलासरीच्या वारली चित्रकारांना रोजाने बोलवावे, राहण्या-जेवण्याची सोय करावी आणि चित्राच्या कोपऱ्यात त्यांना स्वतःचे नाव लिहू द्यावे.

– काही कलाशिक्षक, सांगली