जिमखान्याचा पैसा वेळेवर मिळावा

बहुतेक महाविद्यालये जिमखाना शुल्क प्रवेशावेळीच घेतात. पण भाले, गोळे, थाळ्या घ्यायच्या तर दरपत्रके, खरेदी समिती, मंजुरी यांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा उरकून जातात. मग मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून कॅरम बोर्ड येतात! दरपत्रके एप्रिलमध्येच मागवावीत. मागणीपत्रात वजन स्पष्ट लिहावे: गोळा पुरुषांचा ७.२६ किलो, महिलांचा ४; भाला ८०० आणि ६०० ग्रॅम. नुसते ‘गोळा, नग २’ लिहिले की दुकानदार हलका, शालेय वजनाचा माल पाठवतो, सराव त्यावरच होतो, आणि स्पर्धेत फेक आखूड पडते.

खरी ओढाताण प्रवास व भोजनभत्त्याची. बिले नंतर मंजूर होतात, तोवर क्रीडा संचालकांची पदरमोड. संघ निघण्यापूर्वी अंदाजित खर्चाच्या तीन चतुर्थांश उचल द्यावी. आधीचा हिशेब आल्याशिवाय पुढची नाही.

– एक निवृत्त क्रीडा संचालक, सांगली